पद एक, परीक्षक गल्लीभर

सरकारी जाहिरातीत पदाचं नाव जितकं लांब तितकं त्यापुढचं मानधन आखूड, असा माझा जुना अंदाज आहे आणि आजवर एकाही जाहिरातीनं तो खोटा पाडलेला नाही. भाचीनं मोबाइलवर आलेली जाहिरात मोठ्यानं वाचायला घेतली, तेव्हा पदाचं नाव संपेपर्यंत माझा चहा संपला होता. मथितार्थ एवढाच की शाळाशाळांतून फिरून मुलांची तपासणी करणाऱ्या पथकात नर्स पाहिजे. नेमणूक अकरा महिन्यांची, निव्वळ कंत्राटी. आणि तळाशी ठळक अक्षरांत, थेट मुलाखत.

भाची अक्कलकोटची. जीएनएमची तीन वर्षं पुरी करून, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन ती एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या काढत होती. मुलाखत सोलापुरात, म्हणून मुक्काम मामाकडं. आमचं घर पूर्व भागात. इथं एका घरात शिंक आली की पलीकडच्या घरातून वाफ घ्यायचा सल्ला येतो, तिथं मुलाखतीची बातमी झाकून कशी राहणार? तिनं बॅग खाली ठेवली त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू शेंगाचटणीची वाटी घेऊन आल्या आणि जाताना ‘ओळख कुणाची लावलीय?’ असं हळूच विचारून गेल्या.

आमच्याकडं मुलाखतीच्या तयारीत अभ्यास मागाहून येतो, आधी येते फाईल. आणि फाईलीच्या बाबतीत शेवटचा शब्द कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा. त्यानं भाचीच्या हातातला गठ्ठा घेतला, उघडलासुद्धा नाही, नुसता तळहातावर तोलला आणि म्हणाला, “ताई, यात डोमिसाईल नाही.” उघडून बघितलं तर खरंच नव्हतं. त्या क्षणापासून घरात माझ्या मताला जी काही किंमत होती ती त्याच्या खात्यात जमा झाली. मूळ प्रती वेगळ्या पिशवीत, झेरॉक्सचे दोन संच, प्रत्येकावर स्वतःची सही, फोटोच्या मागं नाव, अनुभवाच्या दाखल्यावर जावक क्रमांक आहे का ते बघा, नसला तर तो दाखला कुणी धरत नाही. तो बोलत होता आणि मी लिहून घेत होतो. नॉन-क्रिमिलेअर हातात घेऊन त्यानं हळहळल्यासारखा चेहरा केला. “31 मार्चला संपलंय की ओ हे.” हे प्रमाणपत्र मार्चअखेर संपावं आणि जाहिरात त्यानंतर निघावी, हे कुणी मुद्दाम जुळवून आणलेलं नाही, मुद्दाम आणायला गेलं असतं तर इतकं नीट जुळलं नसतं.

मग लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. 2005 च्या नियमांपासून महाराष्ट्रात सरकारी नोकरी मागणाऱ्याला आपल्याला हयात मुलं किती हे लिहून द्यावं लागतं. दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. भाचीचं लग्न ठरायचंय. ती जमिनीवर पालथी पडून भरत होती, आणि तिची आजी, म्हणजे आमची आई, पलंगावरून बघत होती.

“काय लिहायलीस गं?”

“मला दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत म्हणून लिहून द्यायलेय.”

आईनं जपमाळ थांबवली. “आणि नवरा?”

“त्याचा रकाना नाही आजी.”

“बरंय. सरकारला नातवंडांची काळजी आहे, जावयाची नाही.”

कपड्यांचा प्रश्न त्याहून चिघळला. वास्तविक सोलापूर म्हणजे गणवेशांचं गाव. चादरीचे माग कमी झाले, पण कुठल्या कुठल्या राज्यांतल्या शाळांचे शर्ट, पिनाफोर, टाय इथं शिवले जातात. आमच्या समोरच्या शिंप्याच्या दुकानात, ज्या शाळेचं नावही त्याला वाचता येत नाही तिचे बिल्ले ढिगानं पडलेले असतात. एवढं असून एका मुलीनं एका मुलाखतीला काय घालावं यावर घरात एकमत होईना. आई म्हणे, नर्स म्हणजे पांढरी साडी. मामी म्हणे, इरकल नेस, भारदस्त दिसशील. भाचीच्या मनात पंजाबी ड्रेस. निकाल शेवटी शिंप्यानं दिला. तो माप घेता घेता म्हणाला, “पांढरं नको अक्का. पोरं पांढरं बघून रडतात, त्यांना सुई आठवते.” या घरात त्या पदाच्या कामाचा विचार करणारा तोपर्यंत तो एकटाच निघाला. मे महिना, पारा 43 वर, तेव्हा सुती, फिक्या रंगाचं, असं ठरलं. मामीनं इरकल परत कपाटात ठेवली, पण मनातून ठेवली नसावी.

अभ्यासाची सूत्रं शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हाती घेतली. रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर मांडलेल्या लोखंडी खुर्चीत सर, समोर स्टुलावर भाची, आणि कठड्यावर टेकलेली गल्ली. सरांचा सनावळ्यांवर फार जीव. हिंदुस्थानात शाळेतल्या मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी कधी झाली? 1909. कुठं? बडोद्यात. बडोदा म्हटलं की सर सयाजीरावांच्या आठवणीनं सद्गदित होतात आणि पुढचा प्रश्न विचारायला वेळ घेतात. तेवढ्यात भाची पाणी पिऊन घ्यायची. मग 1946 ची भोर समिती, जिनं शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास नाहीच असं लिहून ठेवलं. मग 1960 ची समिती आणि तिचा 1961 चा अहवाल. तिसरीतल्या मुलाच्या डोक्यातल्या उवांना 1961 चा अहवाल कसा दाखवायचा, हे मी एकदा विचारलं. सरांनी मला कठड्यावरून आत पाठवलं.

पण त्यांच्या वहीतली एक हकिगत मला फार आवडली. 1902 साली न्यूयॉर्कच्या शाळांतून डॉक्टर येऊन खरूज, उवा, डोळे आलेली पोरं निवडून घरी पाठवायचे. घरी गेलेलं पोर परत यायचंच नाही. औषध कुणी सांगितलेलं नसायचं. तेव्हा लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळा देऊन बघितल्या. ती शाळेतच जखमा बांधायची, मग घरोघर जाऊन आयांना समजावून सांगायची. पोरं वर्गात परत दिसू लागली आणि शहरानं आणखी नर्सा नेमल्या. जगभर शाळेतल्या नर्सचा इतिहास सांगताना तिचं नाव घेतात. तर या बाईंची पहिली नेमणूक किती दिवसांची? एक महिना, प्रयोग म्हणून. म्हणजे या पदाच्या जन्मपत्रिकेतच कंत्राट लिहिलेलं आहे. त्या हिशेबानं भाचीला मिळणारे अकरा महिने ही घसघशीत प्रगती म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त वेळा घोकली गेली ती चार ‘डी’ची यादी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. पथकात दोन डॉक्टर, एक औषध निर्माता, एक नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं, आणि शोधायच्या चार गोष्टी: जन्मजात व्यंग, कमतरता, बालपणीचे आजार, वाढीतला विलंब. चारही इंग्रजीत ‘डी’नं सुरू होतात म्हणून चार डी, त्यांच्या पोटात मिळून तीसेक दुखणी. भाची ही यादी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणायची आणि मामी भाकरी थापता थापता चुका काढायची. परिणाम असा झाला की भाचीच्या आधी मामीलाच ती पाठ झाली. हल्ली मी नळाला पाणी आलेलं असताना उशिरा उठलो की ती माझ्याकडं बघून शांतपणे म्हणते, “चौथा डी.”

आता आदर्श. ‘तुमचा आदर्श कोण?’ हा प्रश्न सोलापुरात विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली सोलापुरात जन्म, 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात निवड, तिथंच जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता 9 डिसेंबर 1942 ला मृत्यू, वय अवघं 32. इतक्या मोठ्या माणसाविषयी शंका कुणाला असणार? शंका आहे ती बोर्डाच्या सोसण्याची. डॉक्टर असो, औषध निर्माता असो, नाहीतर नोंदी करणारा लिपिक, सोलापूरचा उमेदवार म्हटला की कोटणीसच सांगणार. मुलाखतीच्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत डॉक्टरसाहेब किती वेळा बोटीत बसून चीनला जाऊन येत असतील, त्यांचं त्यांनाच माहीत.

इथं आईनं तोंड घातलं. तिला कोटणीसांबद्दल आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती, कारण शांतारामबापूंचा 1946 चा सिनेमा तिनं नंतर कधीतरी भागवतच्या टॉकीजला बघितलाय आणि नर्सिंगपेक्षा तिला लग्नांच्या गोष्टी नीट लक्षात राहतात. “त्यांची बायको नर्स होती की,” ती म्हणाली. “नर्सच्या जागेला नर्स सांगावी. डॉक्टर कशाला?” सरांनी वही चाळून दुजोरा दिला. गुओ छिंगलान. तिकडं नर्सिंग शिकवायच्या, 1941 मध्ये लग्न झालं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन मिळून एक नाव. कोटणीस गेले तेव्हा तो मुलगा काही महिन्यांचा होता. बाई पुढं 2012 पर्यंत जगल्या, भारतात येऊन कोटणीसांच्या कुटुंबाला भेटून गेल्या. भाचीनं नाव लिहून घेतलं. उच्चार बसवायला आठवडा गेला, त्यात आईनंही हातभार लावला आणि तिच्या तोंडी त्या बाई अखेरपर्यंत ‘गोदाबाई’च राहिल्या.

एवढं सगळं होईपर्यंत गल्लीच्या टोकाच्या नर्सबाई एकदाही कट्ट्यावर आल्या नव्हत्या. उपकेंद्रांत आणि आरोग्य केंद्रांत उभा जन्म घालवून त्या निवृत्त झाल्यात. एका संध्याकाळी त्या आल्या, सरांचा भोर समितीचा तास संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे विचारलं तर सांग. पण शाळेत पोरगं पोट धरून आलं तर काय करशील ते आधी मला सांग.”

भाचीनं पुस्तकातलं सांगितलं. नर्सबाईंनी मान हलवली. “पहिलं, ते कुठल्या भाषेत रडतंय ते ऐक.” खरं होतं. आमच्याच गल्लीत एका घरातलं पोर ‘कडुपु नोप्पि’ म्हणतं, पलीकडचं ‘पेट दुखरा’, अक्कलकोटकडं गेलं की ‘होट्टी नोवु’. कन्नड भाचीला आईच्या दुधाबरोबर आलेलं, दखनी रिक्षात बसलं की येतं, राहिलं तेलुगू. ते शिकवायचं शिंप्यानं कबूल केलं. “दुसरं,” नर्सबाई म्हणाल्या, “कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखवायला सांग. बेंबीवर बोट ठेवलं तर बहुतेक गणिताचा तास. बोट बेंबीपासून जितकं लांब, तितकं दुखणं खरं. पण हात लावून बघायचंच, काय? गणिताच्या तासालासुद्धा अपेंडिक्स सुजतं.” सर गणिताचेच. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. नर्सबाईंनी आमच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता ठोकला. अंतर सहा मीटर पाहिजे. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची, म्हणून ती चार वेळा टाकून खडूनं रेघ मारली. रेघ नेमकी गटारीच्या फरशीवर आली. गल्लीतली पोरं रांगेत. पहिल्यानं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. दुसऱ्यानंही. तिसऱ्यानं तर तक्त्याकडं न बघता माझ्या मोटारसायकलकडं बघत वाचलं. भाची खूश, अशी तेज नजर म्हणजे शेंगांचा गुण असावा. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, रांगेत उभी राहून पाठ केलंय त्यांनी. उलटं विचार. मधलंच विचार.” आणि डोळा बोटांनी झाकू द्यायचा नाही, बोटांच्या फटीतून पोरं सगळं बघतात, तळहाताची वाटी करून झाकायचा, दाबायचा नाही.

उलटं विचारायला सुरुवात झाली तशी रांग गडबडली आणि शेवटी उभा असलेला एक मुलगा तिसऱ्या ओळीच्या खाली जाईना. हा आमच्या गल्ली क्रिकेटमधला कायमचा लाँग ऑन. त्याच्याकडं कॅच गेला की मारणारा निवांत पुढची धाव घेतो. पोरं त्याला ‘बटर’ म्हणतात. त्याची आई दारातूनच म्हणाली, “टीव्ही तर बरोबर बघतोय की तो!” नर्सबाईंनी विचारलं, किती लांबून? “आता जिथं जागा मिळल तिथं बसतंय पोर,” आई म्हणाली, आणि धाकटी बहीण ओरडली, “टीव्हीला चिकटून बसतोय, आम्हाला दिसतच नाही!” त्याच आठवड्यात त्याला चष्मा लागला. पहिल्या रविवारी त्यानं दोन कॅच घेतले आणि मारणाऱ्यांनी चष्म्याविरुद्ध तक्रार केली.

भाचीची खरी तयारी त्या दिवसापासून सुरू झाली असं माझं मत आहे. मग रोज काही ना काही निघायचं. दंडाला लावायची रंगीत पट्टी: पाच वर्षांखालच्या पोराचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या आत आला की लाल, तिथं थांबायचं नाही, पाठवायचं. जंतनाशकाची 400 मिलिग्रॅमची गोळी 10 फेब्रुवारीला, ती चावून खाल्ली का बघायचं, कारण मुलं ती गालात धरून ठेवतात आणि खेळाच्या तासाला मैदानाच्या कोपऱ्यात तिचं रोप लावतात. मोठ्या मुलांची आठवड्याला एक लोहाची निळी गोळी, ती जेवणानंतरच. “आणि दुसऱ्या दिवशी आई भांडायला येईल,” नर्सबाई म्हणाल्या. “का येईल?” भाचीनं हळू आवाजात बरोबर उत्तर दिलं: लोहानं शी काळी होते, घाबरायचं कारण नाही. “हे भांडण व्हायच्या आधी सांगायचं,” नर्सबाई म्हणाल्या. “झाल्यावर सांगितलं की ते स्पष्टीकरण होतंय.”

मुलाखतीच्या सकाळी दही-साखर झाली, आईनं सिद्धेश्वराचा अंगारा लावला, झेरॉक्सवाल्यानं फाईल शेवटची तोलली आणि मान डोलावली. मी बाहेर झाडाखाली मोटारसायकल लावून थांबलो. नावं पुकारली जात होती, बाकावर मुली ओठ हलवत बसल्या होत्या; लांबून कुठल्यातरी आरतीला जमल्यासारख्या. दुपारी भाची बाहेर आली.

“काय विचारलं?”

“गाडी लागते का म्हणून विचारलं, मामा.”

पथक रोज जीपमधून फिरणार, जिल्ह्यात अकरा तालुके, करमाळ्यापासून सांगोल्यापर्यंत रस्त्यांचे नाना प्रकार. आधीची एक नर्स म्हणे शाळेत उतरल्यावर पहिला अर्धा तास स्वतःच पेशंट असायची. भाचीनं सांगितलं, लागत नाही, अक्कलकोटच्या एसटीत उभ्यानं वाढलेय. बोर्ड समाधानी दिसला. मग लोहाच्या गोळीचा प्रश्न आला, त्याचं उत्तर तिनं आईच्या भांडणासकट सांगितलं. सरांना रात्री हे सगळं ऐकवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “1909?” नाही विचारलं. “मग बोर्ड कच्चा होता,” असं म्हणून ते उठून गेले.

शेवटचा प्रश्न आदर्शाचा. भाचीनं गुओ छिंगलान म्हणताच पंख्याखाली पेंगलेले एक सदस्य सरळ बसले. तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं, नर्सिंग, लग्न, मुलाचं नाव. बाहेर पडल्या पडल्या बाकावरच्या मुलींनी तिला घेरलं: काय विचारलं गं, काय सांगितलंस? पोर भोळी, सगळं सांगून बसली. दोघींनी तर नाव तळहातावर लिहून घेतलं.

यादी अजून लागायचीय. पण तिच्यानंतर आत गेलेल्या एका मुलीचा रात्री फोन आला. जेवणानंतर म्हणे कोटणीस एकदाही आले नाहीत. त्याच बाई येत राहिल्या, दर खेपेला थोड्या वेगळ्या नावानं. शेवटी ते पेंगलेले सदस्य हातातला पेन खाली ठेवून म्हणाले, “या बाई कुठल्या तालुक्यातल्या?”